डोळ्यात लाळ सोडायची शस्त्रक्रिया : कुणाला माहिती/अनुभव आहे का?

कृष्णाकाठची_अनु
(सांगली)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, आता गरज पडली म्हणून धागा काढतेय.

माझी भाची, वय २३. फिट येते म्हणून कार्बामाझेपिन सुरू केलं आणि काही आठवड्यांत अंगभर चट्टे, तोंडात फोड, ओठांची सालं. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम (एसजेएस), म्हणजे औषधाची गंभीर रिअॅक्शन. मिरजेत आयसीयूत होती. जिवावरचं डोळ्यांवर निभावलं म्हणायचं. डोळे कोरडे पडले ते पडलेच. शर्मरची चाचणी म्हणून पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं ठेवतात. पट्टी एका डोळ्यात १ मिमी भिजली, दुसऱ्यात शून्य. पोरगी रडते, पाणी येत नाही. थेंब सतत चालू. मागच्या सीटवर बसून मार्केट यार्डापर्यंत जायचं म्हटलं तरी हळदीच्या धुरळ्याने डोळे उघडवत नाहीत.

परवा डोळ्यांच्या डॉक्टरांनी एक उपाय कानावर घातला. जबड्याखालची लाळग्रंथी काढून कानशिलात बसवतात, तिथल्या रक्तवाहिन्यांना जोडतात आणि ग्रंथीची नळी वरच्या पापणीच्या आत सोडतात. मग लाळेने डोळा ओला राहतो. ओपीडीत गर्दी होती, त्यामुळे एवढ्यावरच आटोपलं. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आता पोरीला चिंच दिसली की डोळे भरून येणार?" सगळे हसले. मी पण हसले, पण मला त्याचं उत्तर देता येईना.

असं खरंच करतात का? कुठे करतात? जागा बदलल्यावर ग्रंथीला लाळ कधी सोडायची हे कोण सांगतं? आणि दुसऱ्या कुणाची ग्रंथी चालते का? माझी द्यायची तयारी आहे.

बेदाणा

इथे रुमाल टाकून ठेवतो. भाचीला शुभेच्छा.

डॉ_पडजीभ
(सातारा)

अनुताई, मी कान-नाक-घसावाला. डोळा माझा प्रांत नाही, पण लाळग्रंथी आहे.

आधी सोपं उत्तर. तुमची ग्रंथी चालणार नाही. ही शस्त्रक्रिया स्वतःचीच ग्रंथी स्वतःला, अशीच होते. दुसऱ्याची बसवली तर ती शरीराने नाकारू नये म्हणून जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतील. मूत्रपिंडासाठी तो सौदा परवडतो, डोळ्याच्या ओलाव्यासाठी कुणी करत नाही.

आता सासूबाईंचा प्रश्न. मला तो या धाग्यातला सगळ्यात हुशार प्रश्न वाटला, कारण डॉक्टर मंडळी हे नेमकं आपटून शिकली आहेत.

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या. कानापुढे पॅरोटिड (गालगुंडात सुजते ती), जबड्याखाली सबमँडिब्युलर, जिभेखाली सबलिंग्वल. शिवाय ओठ, गाल, टाळू यांत शेकडो बारीक ग्रंथी. सगळ्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ. एरवी गप्प बसलेलो असताना जी लाळ झिरपते तिचा मोठा वाटा जबड्याखालच्या ग्रंथीचा. जेवताना एकदम लोंढा येतो त्यात पॅरोटिड पुढे असते. झोपेत जवळजवळ सगळं बंद.

हे चालू-बंद करतात नसा. पोटातल्या पाचकरसांना हार्मोनचंही सांगणं असतं, लाळेला जवळपास सगळा हुकूम नसांचाच. जिभेला आंबट लागलं की निरोप मेंदूच्या देठात जातो, तिथून परत ग्रंथीकडे. पॅरोटिडचा हुकूम मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या जोड्यांपैकी नवव्या नसेतून येतो. गंमत अशी की पॅरोटिडच्या पोटातून आरपार जाते सातवी, चेहऱ्याची नस, आणि तिचा त्या ग्रंथीच्या लाळेशी काही संबंध नाही! ती जबडा आणि जिभेखालच्या ग्रंथींना हुकूम देते, तोही कानाच्या पडद्यामागून जाणाऱ्या कॉर्डा टिंपनी नावाच्या बारीक फांदीतून. कानाच्या ऑपरेशनमध्ये ही फांदी दुखावली तर पेशंट सांगतो, "डॉक्टर, एका बाजूला चव लागत नाही, पत्रा चाटल्यासारखं वाटतं." त्या बाजूची लाळही कमी झालेली असते, पण ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

ही शस्त्रक्रिया खरी आहे. स्पेनच्या मुरुबे यांनी १९८६ मध्ये ती मांडली, पुढे जर्मनीत आणि बीजिंगमध्ये बरीच झाली. पण त्याच्या आधी, १९५१ मध्ये, ओडेसाच्या फिलातोव यांच्याकडून दुसरीच युक्ती आली होती. पॅरोटिड जागच्या जागी ठेवायची आणि फक्त तिची नळी गालातून वर नेऊन डोळ्यात सोडायची. ग्रंथी शाबूत, रक्त शाबूत, नसही शाबूत. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात माणूस जेवायला बसला की डोळ्यांतून धारा. नवव्या नसेला काय माहीत की नळीचं तोंड आता डोळ्यात आहे? ती घास आला की हुकूम सोडणार. माणसांत ही पद्धत मागे पडली. कोरड्या डोळ्यांच्या कुत्र्यांवर पशुवैद्य अजून करतात.

मुरुबे यांच्या पद्धतीत जबड्याखालची ग्रंथी पूर्ण सुटी करून नेतात. धमनी आणि शीर मायक्रोस्कोपखाली जोडली जाते, नस मात्र कापलीच जाते. त्यामुळे चिंचेचा निरोप कानशिलापर्यंत पोचायला वाटच उरत नाही.

पुढचं रात्री लिहितो, ओपीडी आहे.

तासगावचा_गणपा

डाक्टर, एक शंका हाय. रक्ताची नळी जोडली म्हंजे बोअरला पाइपलाइन झाली. पण लाइटचं कनेक्शन तोडून टाकलं तर मोटर चालंल कशी? नुसती टाकलेली मोटर गंजून जायची की ओ.

शंकासुर

गणपाशी सहमत. वर म्हणता "सगळा हुकूम नसांचा" आणि पुढच्याच परिच्छेदात नस कापून ग्रंथी चालवता. दोन्ही खरं कसं?

बादवे, घंटा वाजली की कुत्र्याला लाळ सुटते हे दाखवणाऱ्या पावलोवला नोबेल त्याचसाठी मिळालं ना?

डॉ_पडजीभ

शंकासुर, नाही. पावलोवचं १९०४ चं नोबेल पचनाच्या अभ्यासासाठी आहे. घंटेवाली (खरं तर मेट्रोनोम, बझर असं बरंच काही होतं) प्रकरणाची कीर्ती नंतर वाढली.

लाळ आणि नसांचा खरा उलगडा त्याच्या अर्धं शतक आधीचा. लोक तेव्हा समजत की रक्त दाबाने ग्रंथीतून गाळलं जातं आणि लाळ पडते. १८५१ च्या सुमारास कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या जबड्याखालच्या ग्रंथीची नस विजेने उत्तेजित केली आणि लाळेच्या नळीतला दाब मोजला. तो धमनीतल्या रक्ताच्या दाबापेक्षा जास्त भरला. गाळून आलेल्या पाण्याचा दाब गाळण्याच्या वरच्या बाजूपेक्षा जास्त होणं शक्य नाही. म्हणजे ग्रंथीच्या पेशी स्वतः पाणी ढकलतात, आणि नस त्यांना ढकलायला लावते. इतका साधा आणि इतका बिनतोड प्रयोग मला तरी दुसरा आठवत नाही.

गणपा, तुमच्या मोटरचंच पुढे नेतो, कारण ती एका जागी फसते आणि तिथेच मजा आहे. लाइट गेली की मोटर ठप्प. लाळग्रंथी ठप्प होत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८६४ मध्ये कुत्र्याची कॉर्डा टिंपनी कापून पाहिली, तर थोड्या वेळाने ग्रंथीतून पातळ लाळ आपोआप ठिबकायला लागली आणि बरेच दिवस ठिबकत राहिली. 'पॅरालिटिक सिक्रीशन' म्हणतात त्याला, लुळ्या ग्रंथीचा पाझर.

कानशिलात नेलेल्या ग्रंथीचं साधारण असं होतं. पहिले काही दिवस ती पाझरते, कारण तुटलेल्या नसांच्या टोकांत साठलेलं अॅसिटिलकोलीन (नसा ज्या रसायनातून हुकूम पोचवतात ते) सांडत असतं. मग साठा संपतो आणि ती जवळजवळ गप्प बसते. हा काळ कधीकधी तीन महिन्यांपर्यंत जातो आणि सगळ्यात धोक्याचा हाच, कारण वाहतं पाणी नसलं की नळी बुजते. म्हणून तेव्हा ग्रंथीला मसाज, गरज पडली तर लाळ सुटायची औषधं वगैरे करतात. त्यानंतर ती हळूहळू परत चालू होते. हुकूम नसला तरी तिचा स्वतःचा थोडा पाझर असतो. शिवाय नस नसलेल्या पेशी जरा हावऱ्या होतात, म्हणजे अॅसिटिलकोलीनसारख्या रसायनाच्या थोड्याशा मात्रेलाही जोरात दाद देतात. आणि कालांतराने आसपासच्या नसांचे कोंब तिच्यात शिरतात.

म्हणून माझी दोन्ही वाक्यं उभी राहतात, शंकासुर. जेवणाचा लोंढा नसांशिवाय येत नाही. पाझर येतो. आणि डोळ्याला पाझरच हवा असतो.

शंकासुर

हे पटलं. दंडवत घ्या. पण मग भीतीने तोंड कोरडं पडतं तेव्हा कोणती नस ते कोरडं करते?

डॉ_पडजीभ

कुठलीच नाही! हे कॉलेजात निम्म्या मुलांना चुकीचं पाठ असतं. आपल्या नकळत शरीर चालवणाऱ्या नसांचे दोन गट, पॅरासिम्पथेटिक आणि सिम्पथेटिक. पॅरासिम्पथेटिक लाळ सोडते, सिम्पथेटिक बंद करते असं लिहून येतात. हृदयाच्या बाबतीत ती दोन विरुद्ध ओढतात हे खरं, लाळग्रंथीत मात्र दोघी एकाच बाजूच्या. पॅरासिम्पथेटिक पाणी सोडते, सिम्पथेटिक त्यात प्रथिनं घालते. व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) आधी तोंडाला कोरड पडते कारण मेंदू पॅरासिम्पथेटिकचा हुकूमच आवरता घेतो.

तासगावचा_गणपा

आता नीट कळलं. त्या अॅसिटिलकोलीनचं नाव मी आधी ऐकलंय, कुठं ते सांगतो.

माझा मेव्हणा द्राक्षबागेत फवारत हुता. छाटणीनंतर वेलीचे डोळे फुटायला लागले की उडद्या किडा येतोय, त्याचं औषध. उन्हाचा तोंडाला काय बांधलेलं नव्हतं, शर्ट भिजलेला तसाच अंगावर. दुपारी बांधावर बसला तो उठंना. तोंडातनं नुसती लाळ, दोरीगत. नाकातनं पाणी, डोळ्यातनं पाणी, घाम, पँटीत झालेलं. डोळ्यातली काळी बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी. आम्हाला वाटलं फिट आली. दवाखान्यात पहिल्यांदा कपडे काढून सगळं अंग साबणानं धुतलं आणि अॅट्रोपिनची इंजेक्शनं चालू केली. एक झालं की एक. डाक्टर सारखे छातीला नळी लावून बघायचे. मी विचारलं कितीवर थांबणार, तर म्हणाले छातीतलं पाणी सुकंपर्यंत. नंतर मेव्हणा पाणी पाणी करत हुता, जीभ टाळूला चिकटलेली. तेव्हा त्यांनी मला सांगितलं की ते औषध अॅसिटिलकोलीन मोडू देत नाही.

वाचला. आता मास्क घालतोय, दोन दिवस घालतोय आणि तिसऱ्या दिवशी परत तसाच.

डॉ_पडजीभ

गणपा, नसांचा धडा याहून चांगला मी पुस्तकातून देऊ शकणार नाही. नस ग्रंथीला सांगते ते अॅसिटिलकोलीन सोडून. काम झालं की एक एन्झाइम ते लगेच मोडतं. ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकं त्या एन्झाइमलाच बांधून टाकतात, मग हुकूम थांबतच नाही. अॅट्रोपिन ग्रंथीच्या पेशीवरची हुकूम घेण्याची जागा अडवून बसतं. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका, एवढं इथे वाचणाऱ्या सगळ्यांनाच सांगतो.

गावठी_उपाय

एवढं चिरफाड कशाला? एरंडेलाचा एक थेंब रात्री डोळ्यात आणि सकाळी त्रिफळ्याच्या पाण्याने धुणे. आमच्या आजीचे डोळे नव्वदीतही ठणठणीत होते.

कृष्णाकाठची_अनु

धन्यवाद, पण भाचीच्या डोळ्यात डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय आम्ही पाणीसुद्धा घालत नाही. तुमच्या आजींना एसजेएस झालेला नव्हता.

बेदाणा

अनुताईंना +१. असल्या डोळ्याच्या बुबुळावर जखम पटकन होते आणि चिघळली तर डोळा जातो. घरगुती प्रयोग या धाग्यावर नकोत.

मिसळ_कट
(सांगली)

धाग्याला थोडं अवांतर, पण नसांच्या चुकीच्या जोडणीचा आमच्या घरात नमुना आहे.

वडिलांची पॅरोटिडमधली गाठ काढली. साधी गाठ होती, कॅन्सर नाही. वर्षभराने त्यांना मिसळ खायला घेऊन गेलो. पहिला घास घेतला आणि उजव्या गालावर, कानापुढे, घामाचे थेंब जमायला लागले. डावा गाल कोरडा ठणठणीत. ते रुमालाने पुसतात, परत येतात. वेटर म्हणाला, "काका, कट कमी तिखट देऊ का?" तिखटाचा घाम टाळूवर, कपाळावर येतो हो, एका गालाच्या तळहाताएवढ्या तुकड्यावर कसा येईल? नंतर बघितलं तर नुसती लोणच्याची फोड चोखली तरी तेच.

डॉक्टरांनी गालाला आयोडीन लावलं, वाळल्यावर वर स्टार्चची पावडर मारली आणि लिंबू चोखायला दिलं. घाम आला तेवढा भाग निळा-काळा झाला. नाव सांगितलं 'फ्रे सिंड्रोम'.

डॉ_पडजीभ

अवांतर अजिबात नाही. पॅरोटिडला हुकूम आणणाऱ्या बारीक नसा ऑपरेशनमध्ये तुटतात. नसा परत वाढतात, पण त्यांना घर सापडत नाही, म्हणून त्या वरच्या कातडीतल्या घामाच्या ग्रंथींना जाऊन जुळतात. घामाच्या ग्रंथींनाही अॅसिटिलकोलीनचीच भाषा कळते, म्हणून जुळणी चालते. मेंदू म्हणतो लाळ सोड, गाल घाम सोडतो. लुसिया फ्रे या पोलिश डॉक्टर बाईंनी १९२३ मध्ये, कानाजवळ गोळी लागलेल्या एका सैनिकावरून, यात कुठली नस गुंतलेली आहे ते नेमकं दाखवून दिलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्या ज्यू म्हणून मारल्या गेल्या. वडिलांना फारच त्रास होत असेल तर बोटॉक्सची इंजेक्शनं चालतात, काही महिने आराम पडतो.

अनुताई, हे तुमच्या कामाचं अशासाठी की कानशिलात बसवलेल्या ग्रंथीच्या शेजारीही नसा आहेत आणि त्याही कोंब काढतात. त्यामुळे "नस कापली, आता चिंचेचा प्रश्न मिटला" हे शंभर टक्के खरं नाही. चीनमधल्या डॉक्टरांनी अशा बऱ्याच पेशंटचा पाठपुरावा केलाय. काही महिन्यांनी त्यातल्या मोठ्या वाट्याला उलटाच त्रास झाला, पाणी जास्त. विशेषतः उन्हात, भरभर चालताना, जिने चढताना, काहींना जेवताना. मग ग्रंथीचा थोडा भाग काढून टाकणे किंवा बोटॉक्स, असे उपाय करावे लागतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेचा विचार करा.

दुसरं, लाळ म्हणजे अश्रू नव्हे. लाळेत क्षार कमी असतात. ती फार झाली तर बुबुळाच्या वरच्या थराला सूज येऊन धुरकट दिसू शकतं. म्हणून ही शस्त्रक्रिया शर्मर अगदी २ मिमीच्या आत असेल आणि बाकी सगळं करून झालं असेल तरच.

कृष्णाकाठची_अनु

बापरे. म्हणजे आधी पाणी नाही, मग पाणी आवरत नाही. तरीही कोरड्यापेक्षा ते बरं, असं भाची म्हणतेय. तिला हा सगळा धागा वाचून दाखवला. चालू ठेवा प्लीज.

साताऱ्याची_मीरा

हा धागा वाचून धीर करून लिहितेय. माझ्या मिस्टरांना गालाचा कॅन्सर होता, तंबाखू. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. कॅन्सर आटोक्यात आहे, पण तोंडात लाळ नाही. भाकरी आमटीत कुस्करून, वर ताक ओतून दिली तरच घशाखाली उतरते. रात्री उठून उठून घोट घेतात. दात पटापट किडताहेत. यांना कुठली ग्रंथी बसवता येईल का?

डॉ_पडजीभ

मीराताई, खरं ते सांगतो. आता ग्रंथी बसवून उपयोग होईल अशी स्थिती नाही.

कॅनडातल्या एडमंटनच्या सेकली आणि झा या डॉक्टरांनी १९९९ च्या सुमारास एक पद्धत सुरू केली. रेडिएशनच्या आधी एका बाजूची जबड्याखालची ग्रंथी सरकवून हनुवटीखाली आणायची आणि तिथे शिसाचं आवरण ठेवून वाचवायची. सगळं रेडिएशनच्या आधी. शिवाय ती घशाच्या कॅन्सरसाठी, तोंडाच्या कॅन्सरसाठी नाही, कारण गाल-जिभेचा कॅन्सर पहिल्यांदा ज्या गाठींत उतरतो त्या याच ग्रंथीला चिकटून असतात. तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये त्या गाठींसोबत त्या बाजूची ग्रंथी बहुतेक वेळा काढलीच जाते. मिश्री, गुटखा, तंबाखूमुळे आपल्याकडे तोंडाचाच कॅन्सर जास्त, त्यामुळे आपल्या पेशंटना या पद्धतीचा फारसा लाभ नाही.

आपल्या लोकांच्या उपयोगी पडलेली गोष्ट वेगळी आहे. आयएमआरटी नावाच्या रेडिएशनमध्ये पॅरोटिडला चुकवून किरण देता येतात. ब्रिटनमध्ये ९४ पेशंटवर तुलना झाली, २०११ मध्ये निकाल छापून आला. वर्षभरानंतर त्रासदायक कोरडेपणा जुन्या पद्धतीत ७४ टक्क्यांना, आयएमआरटीत ३८ टक्क्यांना. कुणाच्या घरी रेडिएशन अजून व्हायचं असेल तर "पॅरोटिड वाचवता येईल का" हे आधीच विचारा.

मिस्टरांसाठी : ग्रंथीचा काही भाग जिवंत असेल तर पायलोकार्पिनच्या गोळीने थोडी लाळ वाढू शकते. दमा किंवा काचबिंदूचा काही प्रकार असेल तर चालत नाही, घाम फार येतो, म्हणून डॉक्टरांना विचारूनच. फ्लोराइडची पेस्ट आणि दातांच्या डॉक्टरांकडे नियमित फेरी हे मात्र टाळू नका. आणि रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात परस्पर उपटून घेऊ नका. आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा, ते हाड भरून येत नाही.

साताऱ्याची_मीरा

दाढ काढायची पुढच्याच आठवड्यात ठरली होती. आज फोन करून थांबवते.

पेशी_बिशी
(पुणे)

मीराताईंसाठी, आजचा उपाय नाही पण वाट दिसतेय म्हणून. जपानमध्ये २०१३ मध्ये गर्भातल्या उंदराच्या पेशींपासून लाळग्रंथीचा अंकुर तयार करून ग्रंथी नसलेल्या मोठ्या उंदरांत बसवला. तो वाढला, नळी जोडली गेली, आणि जिभेवर सायट्रिक अॅसिड टाकलं की लाळ सुटली. त्यात मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, की उंदराच्या स्वतःच्या नसा त्या नव्या ग्रंथीत शिरल्या. २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं होतं की गर्भात ग्रंथी वाढतानाच तिच्या मूळपेशींना पॅरासिम्पथेटिक नसांची सोबत लागते. नसा काढल्या की त्या पेशी कमी होतात. रेडिएशननंतर ग्रंथी परत का उभी राहत नाही, याच्या उत्तराचा एक भाग इथे असू शकतो.

म्हणून डॉक्टरसाहेब, "डोळ्याला नुसता पाझर पुरे" हे डोळ्यापुरतं मान्य. तोंडासाठी नुसती ग्रंथी उगवून भागणार नाही, नस आलीच पाहिजे.

डॉ_पडजीभ

मान्य. तोंडाला लोंढा लागतो.

निजामाच्या_गावात
(हैदराबाद, मूळ इस्लामपूर)

अनुताई, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत ओठाच्या ग्रंथींची शस्त्रक्रिया करतात. माझ्या ओळखीतल्या एका बाईंची, एसजेएसच्याच पेशंट, तिथे झाली. खालच्या ओठाच्या आतला कातडीचा पातळ तुकडा, बारीक ग्रंथींसकट, काढून पापणीच्या आतल्या बाजूला शिवतात. रक्तवाहिन्या जोडायची भानगड नाही. तुकडा पातळ असल्याने खालूनच रक्त मिळून धरतो. ओठ आतून मऊ, आणि त्यावर टाचणीएवढे दाणे लागतात ना जिभेला, त्याच त्या ग्रंथी. बाईंचा ओठ काही आठवडे बधिर होता, चहा ओघळायचा. डोळ्यात ओलावा आला. थेंब बंद नाही झाले, पण दिवसाला मोजके झाले आणि उजेडात डोळा उघडा ठेवता येतो. नजर काही वाढली नाही, ती बुबुळावर अवलंबून आहे हे त्यांना आधीच सांगितलं होतं.

या बारीक ग्रंथी नसेच्या हुकुमाशिवायही थोड्या झिरपत राहतात असं तिथे समजावलं होतं. डॉक्टर सांगतीलच.

डॉ_पडजीभ

बरोबर आहे. बारीक ग्रंथी आणि जिभेखालची ग्रंथी यांना स्वतःचा पाझर असतो, पॅरोटिडला जवळपास नाही. शिवाय बारीक ग्रंथींची लाळ बुळबुळीत, डोळ्याला धरून राहणारी. अनुताई, मी तुमच्या जागी असतो तर कानशिलाच्या मोठ्या ऑपरेशनआधी याची चौकशी केली असती.

एक मात्र. एसजेएसमध्ये तोंडही भाजून निघतं. ओठाच्या ग्रंथी शाबूत आहेत का, ओठ उलटून, पुसून, थेंब परत येतात का ते बघून ठरवतात. जबड्याखालची घ्यायची झाली तर स्कॅन करून ती किती चालते ते आधी बघतात. स्जोग्रेन नावाच्या आजारात डोळे-तोंड दोन्ही कोरडे पडतात, तिथे हा मार्ग बंद, कारण ग्रंथीच आजारी असते.

कृष्णाकाठची_अनु

खूप खूप आभार सगळ्यांचे. हैदराबादची अपॉइंटमेंट घेऊन झाली. व्हिडिओवर प्राथमिक बोलणं झालं. ते म्हणाले आधी पापणीची कड बघू, एसजेएसनंतर ती आतून खरखरीत होते आणि प्रत्येक उघडझापीला बुबुळ घासत राहते. ती दुरुस्त करायची, मग स्क्लेरल लेन्स (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स) लावून बघायची, आणि त्यावरही कोरडंच राहिलं तर ओठाच्या ग्रंथी. कानशिलाचं अगदी शेवटी. भाचीला तोंडात लाळ व्यवस्थित आहे, ओठाच्या आत दाणेही लागतात. काल बसून बसून तेच तपासलं दोघींनी, आरशासमोर ओठ उलटा करून.

जाताना काय काय कागद न्यावेत?

निजामाच्या_गावात

जुने शर्मरचे आकडे तारखेसकट, आयसीयूचं डिस्चार्ज कार्ड, आणि थेंबांच्या बाटल्याच घेऊन या, नावं सांगण्यापेक्षा. पहिल्या दिवशी सकाळपासून संध्याकाळ जाते, डबा आणा. राहायची सोय जवळपास आहे, व्यनि (खाजगी निरोप) करते.

डॉ_पडजीभ

त्याहून महत्त्वाचं. फिटची कुठली गोळी सध्या चालू आहे? कार्बामाझेपिनची अशी रिअॅक्शन आलेल्या माणसाला फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, ऑक्सकार्बाझेपिन यांचीही येऊ शकते, आणि फिट आली की कॅज्युअल्टीत हाताशी पहिलं फेनिटॉइनच असतं. चौघांची नावं मराठीत आणि इंग्रजीत कार्डावर लिहून पाकिटात ठेवा. मोबाइलच्या लॉक स्क्रीनवरही. बेशुद्ध माणूस स्वतः सांगू शकत नाही.

कृष्णाकाठची_अनु

सध्या लेव्हेटिरासिटाम चालू आहे. फेनिटॉइनचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. कार्ड आजच करते, एक तिच्या पर्समध्ये आणि एक माझ्या.